वाटणीचा दगड

"इथं नाही. बाभळीच्या मुळाशी, मी सांगते तिथं खोद," देवकीबाई म्हणाल्या, आणि शालिकरामने ट्रॅक्टरचे रोवलेले पाय पुन्हा एकदा वर घेतले.

ट्रॅक्टर लहानसाच होता. पुढे माती उचलायचे सूप, मागे खोदायची सोंड. मोकळ्या वावरात तो शहाण्या बैलासारखा चाले. येथे मात्र एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला कुटाराची, म्हणजे भुशाची, गंजी आणि मध्ये विहीर. एवढ्याशा जागेत वळायचे म्हणजे कितीदा तरी पुढे-मागे करावे लागे. मग खुर्ची मागे फिरवायची, पाय रोवायचे, दांडे ओढायचे, आणि खड्डा चांगला कमरेएवढा झाला की बाजेवर बसलेल्या देवकीबाई म्हणत, "इथं नाही."

ट्रॅक्टर त्यांच्या मुलाने, गिरिधरने, कळमेश्वरच्या एका कंत्राटदाराकडून चालकासकट एका दिवसापुरता आणला होता. तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांची आणि काकांची वाटणी झाली, तेव्हा आजोबांनी हद्दीवर चोकडी, म्हणजे फुली, कोरलेला काळा दगड रोवला होता. पुढे दोघे भाऊ गेले आणि दगडही दिसेनासा झाला; मातीखाली गेला म्हणत. गिरिधरच्या मते तो विहिरीच्या पलीकडे होता. हद्द तेथून तिरपी जात असल्याने तसे ठरले तर विहीर त्याची, आणि पलीकडचे काकूंचे दोन खणांचे घरसुद्धा त्याच्याच हद्दीत. उद्या सकाळी नागपूरहून मोजणीदार यायचा होता. दगड दाखवला तर तो तेथून साखळी धरणार होता. नाही तर आजची वहिवाट हीच हद्द.

"काकूले काटोलले पाठवतो. भाची आहे तिची तिथं," गिरिधरने सकाळीच सांगितले होते. "विहिरीवर पंप बसला तरच माझी संत्र्याची बाग वाचते."

त्या काकू, यमुताई, आपल्या भिंतीशी पाटावर बसून सुपात तूर निवडत होत्या. यंत्राकडे त्यांनी मान वर करूनही पाहिले नाही.

बाभळीखाली मुळ्या निघाल्या. गोठ्यामागे सोंडेने बागेचा मातीचा नळ फोडला आणि खड्ड्यात चिखल झाला. गिरिधरने कपाळ धरले.

"माय, तुले नक्की आठवते का?"

"तुझ्या आजोबांनी दगड रोवला तेव्हा नारळ मी फोडला. तू नागडा फिरत होता. मले आठवण शिकवू नको."

दगड रोवताना पाहिलेल्यांपैकी आता दोघीच उरल्या होत्या, आणि दुसरीला विचारण्यात अर्थ नव्हता.

शालिकरामचे खांदे भरून आले होते. त्याने चिखलातून चाके कशीबशी बाहेर काढली. "भाऊ, पलीकडे त्या भिंतीपाशी एकदा सोंड टाकून पाहू का?"

"टाक," गिरिधर म्हणाला.

ट्रॅक्टर विहिरीला वळसा घालू लागला, तशा देवकीबाई बाजेवरून उठल्या.

"थांब गा. विहिरीची कड फाटली ते दिसत नाही काय तुले? आत गेला तर मालकाले काय सांगशील?"

कड खरोखरच फाटली होती. शालिकराम मागे आला. देवकीबाईंनी मोर्चा जावेकडे वळवला.

"अन् तू काहून उन्हात बसून राहिली वं? तमाशा आहे काय इथं?"

"माझ्या दारात मी बसली," यमुताई म्हणाल्या. "तुम्ही येऊन उठवा, मग उठीन."

"पाहा गा, शालिकराम. सकाळी डोळे उघडले की पहिलं हेच तोंड दिसते मले. तीस वर्षं झाली."

"तुमचं तरी कोणतं चंद्राचं आहे, जाऊबाई?"

दुपारी भिंतीची सावली पार सरली. यमुताई सरल्या नाहीत. देवकीबाईंनी ओला पंचा पिळून विहिरीपलीकडे भिरकावला. "डोक्यावर घे. ऊन लागून मेली त लोक म्हणतील, आम्हीच मारली."

यमुताईंनी पंचा डोक्यावर घेतला आणि पुन्हा तुरीत मान घातली.

शेवटी देवकीबाईंना कुटाराच्या गंजीची आठवण झाली. दगड गंजीखालीच होता म्हणे. पुढच्या सुपाने अख्खी गंजी हलवण्यात दिवस कलला. कुटार डोळ्यांत गेले, कपड्यांत गेले, यंत्राच्या जाळीत जाऊन बसले आणि इंजिन तापून दोनदा बंद पडले. खाली निघाले ते उंदराचे बीळ. गिरिधरने एका ढेकळाला लाथ घातली. सारे अंगण चाळणीसारखे झाले होते, आणि ट्रॅक्टर दिवस मावळायच्या आत परत द्यायचा होता.

"राहू दे," तो थकून म्हणाला. "माझं नशीबच फुटकं."

"नशिबाले काहून बोल लावतो?" देवकीबाई म्हणाल्या. "तुझं यंत्रच आंधळं."

सडकेला लागल्यावर शालिकरामच्या ध्यानात आले की सोंड अडकवायची खीळ विहिरीच्या कठड्यावर राहिली. खिळीवाचून सोंड वाटेत झुलली असती. सोबत आलेल्या गिरिधरला ट्रॅक्टरपाशी बसवून तो चरफडत पायी मागे फिरला.

अंगणात इंजिनाचा आवाज थांबल्यावरची शांतता होती. पलीकडे यमुताई भिंतीला हात टेकून पाटावरून उठत होत्या. देवकीबाई विहिरीच्या अलीकडे उभ्या होत्या. विस्कटलेल्या गंजीच्या आडून येणारा शालिकराम दोघींनाही दिसला नाही.

"गुडघे गेले वं माय माझे," यमुताई म्हणाल्या.

"रात्री शेकून घे," देवकीबाई म्हणाल्या. आवाज दिवसभराचाच होता, करडा. "उद्या मोजणीदार यायच्या आत येऊन बस. अन् पाट नको, पोतं अंथर. पाटाखालून ते चोकडी दिवसभर दिसून राहिली होती मले."