रिकामे महिने

"सगळं भाडं माझ्याच नावावर टाक," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच साहेबरावांनी सांगून टाकलं. "हिला पगार हाय. हिच्यामागं आणखी कराचं झेंगट नको."

करसल्लागार अजिनाथ हसला. बजाजनगरातल्या त्याच्या चिंचोळ्या गाळ्यात जुलै लागला की असं सांगणारे नवरे रोज यायचे. "काका, सगळेच असं म्हणतात. पण खरेदीखतावर तुम्ही आन् काकू निम्मे-निम्मे. मग भाडंबी निम्मं-निम्मं. कायद्याला नवरा-बायकोची माया कळत नाय."

सुलेखाबाई शाळा सुटल्यावर तशाच परस्पर आल्या होत्या. पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

"वरच्या मजल्यावर भाडेकरू कधी आले?"

"जानेवारीत," साहेबराव म्हणाले. "वाळूजच्या कंपनीतली पोरं हायेत. शिफ्टवाली."

"म्हंजे एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत रिकामं. बेस झालं. रिकाम्या महिन्यांचं भाडं धरायचं नाय. तेवढा कर वाचला."

"रिकामं नव्हतं," सुलेखाबाई म्हणाल्या.

अजिनाथनं मान वर केली. "कोण राहत होतं?"

"सम्यक. आमचा मुलगा."

साहेबराव चुळबुळले. "तू लिही रं रिकामं."

"थांबा काका. मुलगा राहत असंल तर घर तुमच्याच वापरात धरतात. मग वर्षभराचं भाडं धरून कर बसतो, लई फरक पडतो. कधी सोडलं त्यानं घर? महिना सांगा फक्त."

सुलेखाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. साहेबराव स्वतःच्या चपलेकडं बघत होते.

"मागल्या वर्षीच्या एप्रिलातच," शेवटी तेच बोलले. "जयंतीच्या मिरवणुकीत रातभर नाचला. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला निघाला, आन् चौकात ट्रकनं…"

अजिनाथची कीबोर्डवरची बोटं थांबली. "माफ करा काका. मला ठाऊक नव्हतं." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, मग तर रिकामंच म्हणायचं. नियमातबी बसतं. उगं कशाला जास्तीचा कर भरता?"

सुलेखाबाई वर्गात बोलाव्यात तशा सावकाश बोलल्या. "त्याचे कपडे, त्याची पुस्तकं वरच होती. रोज दिवेलागणीला मी वर जायचे. मेणबत्ती लावायचे, वंदना म्हणायचे. यांनी डिसेंबरात सामान खाली आणलं, तोवर एकदाही चुकलं नाही. रोज सकाळी पंचशील घेते मी, खोटं बोलणार नाही म्हणते. घर रिकामं होतं, असं माझ्या हातून सही करून देणं होणार नाही."

"अगं, पोरगा नव्हता तिथं!" साहेबरावांचा आवाज चिरकला. "ह्या हातांनी उचललाय मी त्याला. आन् तू म्हणतीस, रिकामं नव्हतं."

"तुमच्या निम्म्यात तुम्ही रिकामं लिहा. मी अडवत नाही."

अजिनाथ पुरता गोंधळला. "काकू, घर तर एकच हाय. काकांच्या निम्म्यात रिकामं आन् तुमच्या निम्म्यात भरलेलं, असं कसं जमंल?"

"आमच्या घरात वर्षभर तसंच चाललंय," त्या म्हणाल्या.

साहेबरावांनी चष्मा काढला. पुसायला म्हणून काढला, पण पुसला नाही, हातातच राहिला.

"माझ्याबी निम्म्यातलं रिकामं काढ," ते म्हणाले.

"काका, इचार करा. कर लई…"

"काढ म्हणतो ना." त्यांनी अजिनाथकडं पाहिलं नाही, बायकोकडंही नाही. "सामान आणायला वर गेलो तवा दार वाजवूनच आत गेलो व्हतो मी."