‘क’चा आजार

आईचा रिपोर्ट आल्यापासून घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. नुसतं "क" म्हणायचे, तेही दबक्या आवाजात, आणि ती खोलीत आली की सगळे एकदम हवापाण्यावर घसरायचे. "मला भीती वाटते रे," असं तिने एकदा म्हणून पाहिलं. "आई, भलतंसलतं बोलू नकोस," म्हणत मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिल्या केमोला शेजारच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती. तिने सहज विचारलं, "तुम्हाला कुठला कॅन्सर?"

आई बोलत सुटली, ती सलाईन संपेपर्यंत.

सुई काढता काढता नर्स म्हणाली, "झालं हं आजी! आता तीन आठवडे सुट्टी."


आईचा चेहरा पडला.