अर्धं खमीर

पहिल्याच घासाला त्याने ओळखलं. हा पाव त्याच्या बायकोचा होता. आणि बायको जाऊन चार महिने झाले होते.

उपासना संपली होती. चर्चच्या मागच्या खोलीत लोक चहा घेत उभे होते. पाववाल्याने दुसरा घास घेतला. तीच हलकी आंबट चव, तीच जाड कडा. त्याच्या स्वतःच्या दुकानात असा पाव आता होत नव्हता. ती गेल्यापासून तो बाजारातलं पुडीतलं यीस्ट वापरत होता.

"कुणी आणला हा?"

"आपल्या काडीने," इस्त्रीवाली मावशी म्हणाली. "तुमच्या समोरच्या बेकरीवाल्याने. चांगला जमायला लागलाय हो त्याला. तोंड का वाकडं केलंत?"

त्याने कप तसाच ठेवला. दारात पाद्रीबाबांनी त्याचा हात धरला. "धीर धर. ती देवाच्या राज्यात आहे."

"देवाच्या राज्याचं नंतर बघू, बाबा. आधी समोरच्या दुकानात काय आहे ते बघतो."

भट्टी त्याची आणि पीठ तिचं, असा त्यांचा कारभार होता. काचेच्या बरणीत पीठ आणि पाणी आंबवून तिने खमीर तयार केलं होतं. रोज दुपारी, मळणं उरकलं की त्यातलं अर्धं ती काढायची आणि उरलेल्याला नवं पीठ, नवं पाणी द्यायची. "अर्धं काढलं नाही तर त्याचा जीव गुदमरतो," म्हणायची. काढलेल्या अर्ध्याचं ती काय करते, हे त्याने कधी विचारलं नाही. टाकत असेल, असं तो धरून चालला. त्याने तिला एवढंच बजावलं होतं, की हे घराबाहेर जाता कामा नये, आपलं दुकान यावर उभं आहे. ती "बरं" म्हणून हसली होती.

ती गेली त्या दिवशी त्याने बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिचा हात शेवटचा लागला होता त्या खमिराला. त्यातलं अर्धं काढायचं म्हणजे तिलाच अर्धं काढून टाकायचं. ते त्याच्याने झालं नाही.

रस्ता ओलांडताना त्याला एकेक आठवू लागलं. रुमालाने झाकलेली वाटी घेऊन ती याच रस्त्याने पलीकडे जायची. "कुठे गेली होतीस?" "इथेच." आणि तिच्या मातीला हा काडी टोपीत तोंड खुपसून रडला होता. परक्या बाईसाठी कोण असा रडतो?

काडीचे हात पिठात होते. खिडकीत बरणी होती. पाववाल्याने ती उचलली.

"या दादा, बसा."

"बसायला आलो नाही. हे तिने दिलं ना तुला? माझ्या पाठीमागे?"

"वहिनींनी? मला? नाही हो."

"खोटं बोलू नकोस. माझी जीभ अजून शाबूत आहे."

"दादा, तुम्ही समोर डोळे वटारून बसलेले. वहिनींकडे मागायची माझी काय बिशाद! मला इस्त्रीवाल्या मावशीने दिलं. तिला दूधवाल्याच्या सासूने. तिला वहिनींनी. मागच्या दाराशी येईल त्याला त्या द्यायच्या. अट एकच, की रोज अर्धं दुसऱ्याला द्यायचं. आता गल्लीत सगळ्यांकडे आहे."

"मग वाटी घेऊन ती इकडे यायची ती?"

"वरच्या मजल्यावरच्या आजींकडे. त्यांना जिना उतरवत नाही."

"आणि तिच्या मातीला एवढा रडलास तो?"

काडीने हात पुसले. "मी तुमच्याकडे बघून रडत होतो, दादा. तुम्ही रडत नव्हतात."

पाववाल्याने बरणी खाली ठेवली. एका माणसाचा हेवा करणं सोपं होतं. आता अख्ख्या गल्लीचा करायचा होता. सगळ्यांना वाटून बसली आणि नवऱ्याला कळूही दिलं नाही! पण असू दे. त्यांच्याकडे वाटलेलं होतं. मूळचं, तिच्या हातचं, त्याच्याचकडे होतं.

घरी येऊन त्याने कपाट उघडलं. बरणीचं झाकण फिरवलं आणि तोंड बाजूला केलं. वर काळं पाणी साचलं होतं. खाली गुलाबी बुरशी. खमीर कधीच मेलं होतं.

सगळ्या गल्लीत तिचं खमीर नसलेलं घर एकच होतं.

तो बरणी धुवायला बसला. धुता धुता त्याला एक जुनी दुपार आठवली. पाद्रीबाबा सारखे देवाच्या राज्याबद्दल बोलतात, ते आहे तरी कुठे, असं त्याने तिला चिडून विचारलं होतं. ती बरणीवर फडकं बांधत होती. "येतंय हळूहळू," ती म्हणाली होती. "कालच दूधवाल्याच्या घरापर्यंत आलं." ही थट्टा करते आहे, असं समजून तो भट्टीकडे वळला होता.

बरणी धुता धुता तो रडला. मग बरणी चांगली पुसून तो काडीच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

काडीने खिडकीतली बरणी आणली आणि त्यातलं अर्धं त्याच्या बरणीत ओतलं.

"पण उद्या मी कुणाला देऊ?" पाववाला म्हणाला. "इथे तर सगळ्यांकडे आहे."

"पुढची गल्ली अजून राहिलीय, दादा."