सरावाची जोडीदार

मृण्मयीचा घोटा सकाळी मुरगळला आणि टेबल टेनिसच्या सांघिक सामन्यात तिच्या जागी मला उतरवलं. सवयीनं मी विचारलं, "सर, आज कोणासारखं खेळू?"

शिबिरात माझं कामच ते होतं. मृण्मयीची पुढची प्रतिस्पर्धी जशी खेळते, तसं सरावात तिच्यासमोर खेळायचं. एकदा तर महिनाभर डावखुरी झाले होते.

"आज तुझा खेळ खेळ," सर म्हणाले.

पहिले दोन्ही गेम मी हरले. टाइमआउटला सर भडकले, "सर्व्हिस त्या कोरियन मुलीची, फोरहँड जपानी मुलीचा! अगं, तुझा खेळ कुठाय?"

मी बॅट पुसत राहिले. "सर, मला निवडलंत तेव्हा मी कशी खेळायचे?"

सरांनी आठवून पाहिलं, पण काही केल्या आठवेना. पंचांनी वेळ संपल्याची खूण केली, तसे ते हळूच म्हणाले, "मृण्मयीसारखं खेळ."