उजवा फरा

शेडमध्ये मागच्या पायांनी उलटं टांगलेल्या हरणीचं कातडं लेंपी दोन्ही हातांनी खाली ओढत होती. खांद्यापाशी येऊन ती थांबली. उजवा फरा, पुढच्या पायाचा खांद्याकडचा मांसल भाग, पार गेला होता. हाडाचा चुरा, आणि भोवतीचं मांस काळंनिळं, लिबलिबीत.

तिला रडूच आलं. मग राग आला, तोही स्वतःचाच.

मागच्या नोव्हेंबरात असंच झालं होतं. तेव्हा लेकानं, रुडीनं, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "हात हलला असेल, आई. नजरही पहिल्यासारखी कुठे राहिलीये?" तो फरा बादलीत गेला होता. थंडीभर ज्या मांसाचा रस्सा व्हायचा, ते कावळ्यांनी खाल्लं होतं.

गावातले बाकीचे शिंगांसाठी नरामागे हिंडत. लेंपी दरवर्षी मादीच्याच शिकारीचा परवाना काढायची. "शिंगं काय शिजवून खायची?" असं ती दुकानात सगळ्यांसमोर म्हणायची. मारायचं ते खायला, आणि मारलेलं वाया घालवायचं नाही. म्हणून त्या फऱ्याचं तिनं वर्षभर मनाला लावून घेतलं होतं. उन्हाळ्यात ती म्हाताऱ्या वाइनोकडे गेली. तो गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायचा.

"तुझी जुनी गोळी फार वेगात जाते, हाडाला लागली की फुटते," वाइनो म्हणाला. "ही घे. कडक शिसं, जड, सावकाश जाणारी. वर तांब्याचं वेष्टण नाही. आत गेली की न फुटता सरळ आरपार. छिद्राच्या कडेपर्यंतचं मांस खाशील."

आज सकाळी तिनं तीच गोळी भरली होती. हरणी देवदारांच्या कडेला आडवी उभी होती. रुडी मागच्या चढावर बसला होता, नेहमीसारखा, तिच्या सोबतीला. तिनं पुढच्या पायाच्या जरा मागे नेम धरला आणि श्वास सोडून चाप ओढला. हरणी जागच्या जागी कोसळली. रुडी धावत तिच्याआधी पोचला. "तू बस गं, पोट मी साफ करतो," म्हणाला. लेंपीला बरं वाटलं होतं. पोरगा आता आपली काळजी घेतो.

आता तिनं सुरी हातात घेतली. जेवढं वाचेल तेवढं वाचवायला हवं होतं. कडेकडेनं चांगलं मांस सोडवताना सुरीच्या टोकाला काहीतरी खट्‌कन लागलं. तिनं ते दोन बोटांनी ओढून काढलं आणि एप्रनला पुसलं.

तांब्याचा तुकडा होता. फुलासारखा फाटलेला, धारदार.

तिनं तो तळहातावर उलटसुलट करून पाहिला. मग तिनं फऱ्यामागच्या बरगड्या चाचपल्या. एका बरगडीवरचं रक्त ओल्या फडक्यानं पुसलं. तिथे एक छिद्र होतं. गोल, स्वच्छ, बोट जाईल एवढं. भोवतीचं मांस लालभडक, ताजं. बरोबर फुप्फुसाच्या जागी. जिथे नेम धरला होता तिथेच.

"रुडी!"

तो दारात आला, पण आत आला नाही. "काय, परत फरा गेला ना? असू दे गं. तुझ्या वयाला हात हलायचाच."

"तुला तिथून दिसला फरा?"

फरा दाराच्या उलट बाजूला होता.

तिनं तळहात पुढे केला. त्यानं तांब्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

"तू चुकलीस तर ती जखमी होऊन कुठेतरी झुडपात मरत पडली असती, आई. तुलाच ते सोसलं नसतं. म्हणून तू चाप ओढलास की मीपण माझ्या बंदुकीचा ओढायचो. तुझ्या कानांवर ते आवाज अडवणारं झाकण असतं, तुला एकच आवाज यायचा."

"मागच्या वर्षीपण?"

"हो."

लेंपीनं त्याचं मनगट धरलं, त्याला आत ओढलं आणि त्याचं बोट बरगडीतल्या छिद्रात घातलं. "ही माझी गोळी. मी चुकले?"

"नाही."

"मागच्या वर्षी असं छिद्र होतं?"

त्यानं बोट काढून घेतलं. ते पँटला पुसत राहिला. "होतं," शेवटी म्हणाला. "तू कातडं सोलायच्या आधी मी तो भाग कापून टाकला होता."

लेंपीनं उरलेलं कातडं मानेपर्यंत उतरवलं, डावा फरा सोडवून पाटावर ठेवला आणि सुरी धुतली. रुडी तिथेच उभा होता. मग तिनं त्याच्यासमोर ओला हात पसरला.

"गाडीची किल्ली."

मागच्या वर्षी तो फरा बघून तिनं आपण होऊन ती त्याला दिली होती. ज्याला हरीण नीट दिसत नाही त्यानं रस्त्यावर गाडी काढू नये, असं तीच म्हणाली होती. रुडीनं तेव्हा मुकाट्यानं किल्ली खिशात टाकली होती.

"आई, आज तरी नको. बाहेर बर्फ पडतंय."

"दिसतंय मला," लेंपी म्हणाली. तिनं हात खाली घेतला नाही.