खरी बेबी चंद्रिका

"आज्जे, हे वाच. तुझं नाव लावून कोण बया सत्कार घ्यायला यायलीया बघ!" क्रांतीनं पेपर थेट गवारीच्या ताटावर पसरला.

अंबूबाईंच्या हातातली शेंग मोडायची राहिली. येत्या रविवारी सकाळी दहाला नाट्यगृहात जुना सिनेमा दाखवणार होते. त्यातली लाडकी बालतारका बेबी चंद्रिका, आता पुण्याच्या चंद्रिकाबाई, जातीनं हजर राहणार होत्या. सोबत फोटो होता. पांढरे केस, चष्मा, जपून केलेलं हसू. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, की पाहुण्यांची तब्येत नाजूक असल्यानं त्या प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत.

"आसंल कुणीतरी," अंबूबाई म्हणाल्या. "तू शेंगा मोड की."

"कुणीतरी कसं? बेबी चंद्रिका तू हाईस का न्हाईस?"

अंबूबाईंनी पेपर बाजूला सारला. हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर त्याहून मोठी.

एके काळी बेबी चंद्रिकानं सगळ्या मुलखाला वेड लावलं होतं. ती पडद्यावर रुसली की बाया पदरानं डोळे पुसायच्या. तीन सिनेमे केले आणि पोर नाहीशी झाली. कुठं गेली, कुणाच्या घरी पडली, कुणाला पत्ता नाही. दोन वर्षांमागं पेपरवाल्यांना ती एकदम पुण्यात सापडली होती.

अंबूबाईंचे वडील स्टुडिओत सुतार होते. अंबू चंद्रिकाच्याच उंचीची, म्हणून दिवे बसवताना तिला त्या जागी उभं करायचे. दिव्यांच्या धगीनं अंबूचे गाल भाजायचे आणि चंद्रिका तोवर आईच्या मांडीवर निजायची. दिवे जमले, की "हो गं बाजूला" म्हणायचे. पडद्यावर अंबूची सावलीसुद्धा कधी आली नाही.

क्रांती चार वर्षांची असताना तिची आई गेली. पोर जेवेना, बोलेना, नुसती दाराकडं बघत बसायची. एका दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला आणि ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

"ही कोण गं?" तिनं विचारलं.

अंबूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मीच की."

त्या दुपारी पोरीनं दीड भाकरी खाल्ली. आता दीड भाकरी खाणाऱ्या पोरीला खरं सांगायचं कुणी? पुढं तिनं शाळेत निबंध लिहिला, मंगळवार पेठेतल्या निम्म्या पोरांना ऐकवलं, भांडणात सुद्धा तेच काढलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. अंबूबाईंच्या गोट्याला यायला सोळा वर्षं लागली, एवढंच.

रविवारी त्यांनी गुडघे दुखवून पाहिले, चक्कर आणून पाहिली. क्रांतीनं रिक्षाच दारात आणली.

"तू नुसती हुबी ऱ्हा. बोलायचं ते मी बोलतो," ती म्हणाली. कोल्हापूरची पोर, ऐकते कुणाचं!

रिक्षात अंबूबाईंनी मनाशी ठरवलं. त्या बाईला एकटीला गाठायचं, पाय धरायचे आणि पोरीपुढं लाज राखायची विनवणी करायची. सत्काराचं काही नव्हतं. पण क्रांतीला आई नाही, बाप कामाच्या मागं फिरतीवर. तिला एकच माणूस होतं, आणि तेच खोटं निघालं तर पोरीनं बघायचं कुणाकडं?

नाट्यगृहाच्या दारात गणपतराव उभे होते. कार्यक्रम त्यांचाच. येणाऱ्याला ते पेढा देत होते. क्रांतीनं पेढा घेतला आणि मगच तोंड उघडलं.

"पावणं, तुमची फसवणूक झालीया. खरी बेबी चंद्रिका ही माझी आज्जी हाय. आत जाऊन सांगा त्यास्नी."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. अंबूबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गणपतराव हसले. "बरं बरं, सांगतो," म्हणत ते आत गेले. परत आले तेव्हा हसू मावळलं होतं.

"बाईंनी आजींना बोलावलंय," ते म्हणाले. "एकट्यांनाच."

"मी बी येतो," क्रांती पुढं सरसावली.

"न्हाई!" अंबूबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की त्यांचा त्यांनाच धक्का बसला. "तू हितंच थांब. तुला माझी शप्पत हाय."

आतल्या खोलीत चंद्रिकाबाई आरशाकडं पाठ करून बसल्या होत्या. जरीची साडी, केसांत गजरा. समोरच्या चहावर साय धरली होती. अंबूबाईंनी मागं दार लावून घेतलं. रिक्षात जुळवलेलं सगळं त्या विसरून गेल्या. डोळ्यांतून पाणी तेवढं वाहू लागलं. गुडघ्यावर हात टेकत त्या पाय धरायला वाकल्या.

त्यांचे हात पोचायच्या आधीच चंद्रिकाबाई खुर्चीवरून खाली उतरल्या आणि त्यांनीच अंबूबाईंचे पाय घट्ट धरले.

"तुम्ही एक दिवस याल, हे मला ठाऊक होतं," त्या हुंदका आवरत म्हणाल्या. "मी स्टुडिओची पायरीसुद्धा कधी चढले नाही हो. आजारी नातीला हसवायला एकदा बोलून गेले, आणि तिनंच कौतुकानं पेपरात कळवलं. ती बाहेर पहिल्या रांगेत बसलीय, चंद्रिकाताई. तुमचं नाव आजचा दिवस माझ्याकडे राहू द्या."