वळसा

हंबीररावांच्या अस्थी कराडला कृष्णेत सोडल्या, तेव्हापासून बनुबाई रडल्याही नाहीत. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून सुट्टीवर आलेल्या फौजी लेकानं सगळ्यांना कोकणात, समुद्राकाठच्या रिसॉर्टवर नेलं.

सून टीव्हीत बघून तव्यावर पिझ्झा करायची. बनुबाई त्याला "भाकरीवरची कोशिंबीर" म्हणायच्या, पण त्यांच्या नवऱ्याला, हंबीररावांना, तो लय आवडायचा. निघताना त्यांनी सुनेकडून तोच करून घेतला आणि पोचल्या पोचल्या एक तुकडा लाटेत सोडला.

"आजी, आपली कृष्णा तर पूर्वेच्या समुद्राला मिळते," नात हळूच म्हणाली. "आजोबा इकडं कसे येतील?"

बनुबाई पाण्याकडं बघतच म्हणाल्या,

"जेवायला हाक मारल्यावर सरळ वाटंनं कवा आलेत त्ये? येतील वळसा घालून."